गुरवाची साक्ष

नोटीस आली तेव्हा मी सुरमई कापत होते. पोस्टमनने पाकीट माझ्या हातात देण्याआधी उन्हात धरून आत काय आहे ते बघायचा प्रयत्न केलेला होता, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. "वैनी, कामगार कार्यालयातसून आसा," तो म्हणाला आणि सही घेतल्यावरही तिथेच उभा राहिला. मी म्हटलं, "आता जातस, की सुरमयचा कालवण खावनच जातलस?" तेव्हा कुठे तो हलला.

नोटिशीत लिहिलं होतं की माझ्या खानावळीत नऊ वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला मी ती गरोदर आहे म्हणून कामावरून काढलं, तिच्याच हाताखाली शिकलेल्या पुरुषाला कामावर ठेवलं, आणि हा ती स्त्री असल्यामुळे तिच्याशी केलेला भेदभाव आहे. माझं म्हणणं मी पंधरा दिवसांत लेखी द्यावं.

मी ते तीनदा वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. भेदभाव? स्त्री म्हणून? मग मी कोण आहे? थोरल्याच्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत विळीवर बसून मी मासे कापले. धाकटीच्या वेळी बाळंतपणाला महिना झाला नाही तोच चुलीपुढे उभी राहिले. तेव्हा माझ्यासाठी कोणी कुठल्या कार्यालयात गेलं नव्हतं. आणि आता मलाच कोणी शिकवणार, बाई म्हणजे काय ते! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, असं मी मोठ्याने म्हणाले. नवरा पडवीत पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

आमचं घर तोंडवलीला, समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर. पुढच्या पडवीत सहा टेबलं, मागे पर्यटकांसाठी चार खोल्या. नवरा मुंबईची नोकरी संपवून आला तो खोल्यांचं बघतो, म्हणजे खोल्यांच्या चाव्या खिशात घालून फिरतो. बाकी सगळं माझ्याकडे. एवढ्याशा धंद्याला कुठले कायदे लागतात आणि कुठले नाहीत, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं. आमच्याकडे कामाला माणूस ठेवतात ते ओळखीवर, आणि तो जातो तोही तोंडावरच.

ती आली तेव्हा पंचविशीची होती, लग्न होऊन वर्ष झालेलं. सासर मिठबावचं. तिथून आचऱ्यावरून स्कूटरने यायची आणि साडेसातला चुलीपुढे हजर. खोबरं निखाऱ्यावर किती भाजायचं, बांगड्यात तिरफळं कधी टाकायची, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. उलट दोन वर्षांत मीच तिला विचारायला लागले. आलेल्या पाहुण्यांनी चार शब्द लिहावेत म्हणून मी एक वही ठेवली आहे. त्या वहीत माझं नाव कुणी काढत नाही, तिच्या कालवणाचं काढतात. याचा मला कधी कधी राग यायचा, तोही सांगून टाकते.

दहा वर्षं तिला मूल नव्हतं. गावातल्या बायका तोंडावर गोड बोलायच्या आणि ती वळली की कुजबुजायच्या. मी एकीला त्यावरून घराबाहेर काढलं होतं. आणि आमच्या गावच्या देवळात तिला मूल व्हावं म्हणून नवस बोलले ती मी. नारळ माझा, बोलणं माझं, शेजारी हात जोडून ती. तेव्हा मी तिच्याशी वाईट वागले असं कुणी म्हटलं की माझं डोकं का फिरत होतं, ते लक्षात घ्या.

दुसरा स्वयंपाकी म्हणजे माझ्या दिराचा मुलगा. तिशी उलटलेली. मुंबईला जमलं नाही म्हणून पाच वर्षांपूर्वी गावाला परत आला. बांगडा साफ करण्यापासून सगळं त्याला तिनेच शिकवलं. हात बरा आहे त्याचा, पण क्रिकेटच्या स्पर्धा लागल्या की गडी चार-चार दिवस गायब, आणि आदल्या रात्री दशावतार झाला असला की सकाळी चुलीपुढे पेंगतो. त्यावर मी ओरडायचे, आणि तो "काकी, आता परत नाय," म्हणायचा. घरचाच, म्हणून चालायचं.

तर गेल्या साली गणपती गेल्यावर एका सकाळी मी सुका बांगडा भाजायला घेतला आणि ती तोंडाला ओढणी लावून मागच्या दाराने पळाली. दोन दिवसांनी तेच. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. आमच्याकडे पाचवा महिना लागेपर्यंत तोंडाने कुणी सांगत नाही, दृष्ट लागते म्हणून. पहिल्यांदा मला आनंद झाला, अगदी डोळ्यांत पाणी आलं, हे शपथेवर सांगते. आणि पाणी पुसता पुसता मी बोटं मोजायला लागले. ओढणीखाली पोट किंचित दिसत होतं, म्हणजे आत्ता चौथा. म्हणजे ऐन नाताळात सातवा. जानेवारीत आठवा. खोल्या भरलेल्या, पडवीत टेबलं अडलेली, आणि ही पाठीला हात लावून बसलेली.

तोंडाने मी तिला 'जा' कसं म्हणणार होते? नऊ वर्षं! मग मी केलं ते आमच्याकडे सगळेच करतात. देवाला कौल लावला.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे विहीर खणायची, होडी विकायची, मुलीचं स्थळ ठरवायचं, कसलाही पेच पडला की देवळात जातात. गुरव, म्हणजे देवळातला पुजारी, आपल्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालतो, सगळी हकीकत मोठ्याने सांगतो. त्याच्या बोलण्याला उभे असलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणून साथ देतात. मग तो देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. एक गोष्ट मात्र सगळे पाळतात. देवापुढे काही लपवायचं नाही, नाहीतर कौल खोटा पडतो. म्हणून मी गुरवाच्या कानात सगळं सांगितलं, जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याने गाऱ्हाणं घातलं. पाच मिनिटं काही झालं नाही. मग उजवी कळी घसरली आणि खाली पडली.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी त्याच संध्याकाळी तिला सांगितलं, "देवान उजवो कौल दिल्यान गो. तू आता घराक रव, आराम कर. एवढ्या वरसांनी दिस गेलेत, जीवाक जप."

ती भात निथळत होती. भांडं खाली ठेवून तिने विचारलं, "देवाक इचारलात?"

"होय."

"बरा," ती म्हणाली. हात पुसले, तिरफळांचा डबा झाकण लावून फळीवर ठेवला आणि स्कूटरला किक मारली. मला वाटलं, किती समजूतदार बाई! पुढे बारशाला कोणती साडी घ्यायची, याचा विचारही मी त्या रात्री केला. आणि महिनाभराने ही नोटीस.

नोटिशीची बातमी पोस्टमनने गावभर वाटलीच होती. दुकानावर, वाटेवर, जी भेटेल ती म्हणायची, "आता कोणाक कामाक ठेवूची सोय नाय रवली, वैनी." बरं वाटायचं ऐकून. मग माझे एक चुलतदीर आले. त्यांची सगळी नोकरी कचेरीत गेली, त्यामुळे अर्ज कसा लिहावा हे आपल्यालाच कळतं असं त्यांना वाटतं. खुर्चीवर बसून, चहा घेऊन, चष्मा लावून त्यांनी मला सांगितलं, "गरोदरपणाचं अक्षर काढायचं नाही. 'कामात हयगय, वेळेवर न येणे, ग्राहकांच्या तक्रारी' एवढंच लिहायचं. सही कर."

मी त्यांच्यापुढे वही आणून आपटली. नऊ वर्षांची वही. "वाचा," म्हटलं. "हयगय कुठल्या पानावर आहे दाखवा."

"ती वही दाखवायची नसते गो, ती जाळायची असते," ते शांतपणे म्हणाले.

मला त्यांचा इतका संताप आला की मी त्यांच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून नेला. नऊ वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या कामाला नावं ठेवू? मी कसलीही असेन, खोटारडी नाही. मी खरंच लिहिणार होते. आणि खरं काय होतं? मी तिला काढलंच नव्हतं. देवाने कौल दिला होता. मी माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं, की सदर बाईंना घरी पाठवण्याचा निर्णय मी स्वतः घेतलेला नसून गावच्या देवाच्या कौलाने घेतलेला आहे, सबब माझ्याकडून भेदभाव होण्याचा प्रश्न येत नाही. आणि याला साक्षीदार गुरव आहेत. चुलतदिरांनी ते वाचून कपाळावर हात मारला. मला वाटलं, खोटं चालेना म्हणून चिडले.

डिसेंबरच्या सुरुवातीला ओरोसला, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात, बोलावणं आलं. मी गुरवाला गाडीत घेतलं. तो धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, फणसाच्या झाडाखाली तासभर आधीच येऊन बसला होता. वाटेत मी त्याला बजावलं, "जा झाला ताच सांगा. एक अक्षर इकडचा तिकडे नको." हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी भाडं देऊन, गाडी करून, घरापासून ओरोसपर्यंत नेलं.

ती आधीच येऊन बसली होती. नवऱ्याबरोबर, मांडीवर डबा घेऊन. पोट चांगलं दिसत होतं. मी आत पाय टाकला तशी ती उठून उभी राहिली. नऊ वर्षांची सवय. मग आपण काय करतोय ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती लगेच खाली बसली आणि भिंतीकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघणार नाही असं ठरवून गेले होते, पण पाय सुजलेत का ते बघितलंच.

अधिकारी म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची घाटावरची मुलगी. तिचा मला जास्त राग आला तो ती चिडत नव्हती म्हणून. माझं लेखी म्हणणं तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हसलीही नाही. "हा कौल म्हणजे नेमकं काय ते मला समजून घ्यायचंय," म्हणाली. "देवाला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता?"

"ते गुरव सांगतील," मी म्हटलं. ताठ बसले.

गुरव उभा राहिला. आता गाऱ्हाणं हे असं आहे की त्याला ते मधूनच सांगता येत नाही. सुरुवातीपासून आणि त्याच सुरात म्हणावं लागतं, तरच त्याला आठवतं. त्याने वहाणा काढल्या, टेबलाकडे तोंड करून हात जोडले आणि देवळात लावतो तोच आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे येवन गाऱ्हाणा घातल्यान आसा, ता कान दिवन आयक म्हाराजा! हिच्याकडे एक बाय जेवण करता. हिना तुका नवस केल्यान, आणि तुझ्याच किरपेन ती बाय आता पोटुशी रवली. पण ऐन सीझनात ती अडतली, धंद्याक खोट येतली, असा हिच्या मनात भय आसा. म्हणान तिका कामावरसून घराक धाडूची असा हिना मनात धरल्यान आसा. तुझी राजी आसा तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी म्हाराजा!"

दारातला शिपाई "होय म्हाराजा" म्हणाला. बाहेरच्या बाकावर कसल्या तरी दुसऱ्या कामाला आलेले दोघे बसले होते, तेही तिथून म्हणाले. लहानपणापासून कान तयार झालेले, तोंड आपोआप उघडतं. आणि माझंही उघडलं. हात जोडून, मान खाली घालून, मी कामगार कार्यालयात सगळ्यांसमोर म्हणाले, "होय म्हाराजा."

 ती अधिकारी मुलगी खाली मान घालून लिहीत होती.

"हे सगळं असंच सांगितलं होतं?" तिने विचारलं.

"असंच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"म्हणजे पाठवायचं हे तुमच्या मनात आधी होतं. देवाला नंतर विचारलं."

मी पदर सारखा केला.

"आणि दुसरे स्वयंपाकी आहेत, त्यांना ठेवावं की पाठवावं, याचा कौल लावला होता का?"

इथे माझा तोल गेला. सकाळपासून दाबून ठेवलेला राग एकदम वर आला आणि मी टेबलावर हात आपटला. "त्याचा कशाला लावायचा? तो काय बाळंत होणार आहे?"

तिने हेही लिहून घेतलं. मला तो पेनाचा आवाज ऐकू येत होता. मी तिच्याकडे, म्हणजे माझ्या त्या बाईकडे, बघितलं. ती भिंतीकडेच बघत होती, पण तिच्या नवऱ्याने मात्र माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

परत येताना कसालचा फाटा येईपर्यंत मी गुरवाशी बोलले नाही. मग म्हटलं, "ता पोटुशी बिटुशी सांगूची काय गरज होती?"

तो बिचारा गोंधळला. "तुमीच सांगलात मा, एक अक्षर इकडचा तिकडे नको म्हणान?" थोड्या वेळाने म्हणाला, "आणि वैनी, ता गाऱ्हाणा माझा नाय. तुमचा. मी नुसतो आवाज दितंय."

त्याला मी तिथेच गाडीतून उतरवणार होते. नाही उतरवलं, एवढंच.

पुढचे पंधरा दिवस मी सगळ्यांवर भडकलेली होते. गुरवावर, त्या पोरीवर, चुलतदिरांवर, पेपर वाचणाऱ्या नवऱ्यावर. ज्या बायका दुकानावर माझी बाजू घेत होत्या त्यांच्यापर्यंत गाऱ्हाण्याची हकीकत पोचली. त्या आता मी आले की एकमेकींना कोपराने डिवचायच्या. एक तर मागून चक्क "होय म्हाराजा" म्हणाली. मी वळून बघितलं तर सगळ्या कोथिंबीर निवडत होत्या.

आणि नाताळ आला. खोल्या भरल्या, पडवीत माणसं उभी. चोवीस तारखेला सकाळी पुतण्याचा पत्ता नाही. फोन केला तर मागे लाऊडस्पीकर. "काकी, आमची टीम सेमीफायनलक गेली. चार दिवस सांभाळा." तो काही बाळंत झाला नव्हता, पण ऐन सीझनात अडला तो अडलाच. मी एकटीने सत्तावन्नाव्या वर्षी दिवसाला साठ-सत्तर माणसांचं रांधलं. खोबरं करपलं. वहीत एका जुन्या पाहुण्याने लिहिलं, 'पूर्वीची चव राहिली नाही.' ते वाचून मी वही भिंतीवर फेकली. मग उचलून धूळ पुसली, कारण तिच्या कालवणाची जुनी पानं त्यात होती.

चार दिवसांनी पुतण्या हसत परत आला, आणि मी त्याला ओरडून पुन्हा कामावर ठेवलं. चुलीपुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याला ठेवायचं का, हे मी याही वेळी कुणाला विचारलं नव्हतं. देवालाही नाही आणि स्वतःलाही नाही.

जानेवारीत पुन्हा तारीख होती. त्या अधिकारी मुलीने तडजोड सुचवली. मी लेखी द्यायचं की बाईंच्या कामात कसलीही खोट नव्हती, त्यांना गरोदर असल्यामुळे काढलं आणि ती माझी चूक होती. बाळंतपणाची रजा द्यायची आणि जागा त्यांच्यासाठी ठेवायची. परत यायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं. मी सही केली. दात-ओठ खाऊन केली, पण केली. आता ती येईल, असं मी धरूनच चालले होते. कुठे जाणार होती?

तरी मला राहवेना. दोन दिवसांनी मी मिठबावला तिच्या घरी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ती रोज माझ्याकडे यायची ते अंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं, आणि रस्ता किती खराब आहे हे माझ्या पाठीला कळलं.

"येवा वैनी, बसा," ती म्हणाली. पाणी दिलं. मला गोड बोलायचं होतं, पण तोंडातून राग बाहेर पडला. "कार्यालयात कित्याक गेलंस गो? माझ्याशी येवन भांडलंस असतंस तरी चलला असता!"

"भांडतलंय कोणाशी?" ती म्हणाली. "तुमी देवाक फुडे केलात. देवाशी कोण भांडतला?"

मी काही बोलायच्या आत तिने आतून एका बाईला हाक मारली. चाळिशीची, काटक, हाताला हळद लागलेली. "ही माझी नणंद. गणपतीच्या चवथीपासून मी हिका माझा मसाल्याचा वाटप शिकवत होतंय. माझे तीन म्हयने ही तुमच्याकडे येणार होती. बांगड्याचा तिखला आता माझ्यासारख्याच करता. पाचवो लागलो की तुमका सांगणार होतंय. पेढे आणून सांगणार होतंय."

नणंद हात पुसत उभी होती. मला वाटलं, कोणीतरी माझ्या तोंडात मारावी. चौथा आणि पाचवा. मध्ये फार तर वीस दिवस.

"देवाक इचारलात, वैनी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माका इचारूक नाय."

मला तिचाही राग आला. तू तरी बोलली असतीस आधी, असं ओठांवर आलं. पण दृष्ट लागेल म्हणून ती गप्प बसली होती, आणि नजर कुणाची लागली ते तिच्यासमोरच बसलं होतं. मी म्हटलं, "बरा. आता इचारतंय. बाळंतपण झाल्यावर परत येतलंस काय?" आणि मग, आयुष्यात कुणा कामाच्या माणसाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "माझा चुकला."

तिने माझ्यापुढचा रिकामा पेला उचलला. "आठ दिवस थांबा. इचार करून सांगतंय."

आठ दिवस! त्या आठ दिवसांत फोन वाजला की धावत जायचे. जिच्यासाठी मी वीस दिवस थांबले नाही, तिने मला आठ दिवस थांबवलं, आणि मला ते झेपत नव्हतं. मी फळीवरचा तिरफळांचा डबा पुसला. चुलीच्या बाजूला बसायला एक उंच स्टूल करून घेतलं, तिच्या पाठीसाठी. सुताराशी त्याच्या उंचीवरून भांडले.

आठव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "वैनी, तुमच्याच देवळात कौल लावलंय," ती म्हणाली. "डावो पडलो. देवाची राजी नाय. मगे मी काय करतलंय?"

"गो, पण…"

"तुमका वाईट वाटून घेव नको. जीवाक जपा."

आणि तिने फोन ठेवला. माझेच शब्द, माझ्याच देवाच्या नावाने, परत. मी फोन हातात धरून उभी राहिले. मग तशीच, हाताला माशाचा वास, देवळाकडे निघाले. डावा पडला? कळी नीट चिकटवली नसेल. पाणी जास्त झालं असेल. पुन्हा लावता येईल, तीनदा लावतात कधी कधी. गुरव सभामंडप झाडत होता. मी पायरीवरूनच ओरडले, "त्या बायचो कौल लावलात तेवा कळी किती वेळान पडली?"

तो केरसुणी धरून बघत राहिला. "कोणत्या बायचो?"

"आमच्या मिठबावच्या. जेवण करी ती!"

"ती खंय इली?" तो म्हणाला. "चवथीपासून ती ह्या देवळाची पायरी चढूक नाय, वैनी. ना ती इली, ना तिना कोणाक धाडल्यान."

 खोटं! देवाच्या नावावर धडधडीत खोटं, तेही माझ्याशी! यायचं नव्हतं तर तसं तोंडावर सांगायचं होतं, देवाला कशाला मध्ये घातलं? मी तिथेच पायरीवर बसून तिचा नंबर लावला. हेच विचारायचं होतं मला, याच शब्दांत. रिंग वाजायला लागली. पलीकडून ती "हां, वैनी?" म्हणाली.

मी फोन बंद केला. ते तिला विचारायला मला तोंड नव्हतं.